गेनचं ताट

३ ऑक्टोबर
होक्काइदोहून बोटीनं आले ती थेट मत्स्यालयात, नव्या नोकरीवर. युरा उताणी तरंगत होती. ही इथली शेवटची समुद्री पाणमांजर. वजन एकवीस किलो. अंगावर चरबी नाही, म्हणून थंड पाण्यात तगायला तिला रोज पाच किलो खावं लागतं. मी माकुळाचे, म्हणजे स्क्विडचे, तुकडे काचेवर उंच चिकटवले, ते तिनं उड्या मारून काढले. तिसऱ्यांचे शिंपले बर्फात गोठवून दिले, तर तासभर त्या गोळ्याशी झुंजली, मग छातीवर दगड ठेवून त्यावर आपटून फोडले. कोंडलेल्या जिवाला निदान घास तरी स्वतः मिळवू द्यावा. फार छान दिवस गेला!

८ ऑक्टोबर
खडकावर रोज एक ताट ठेवतात. दोन किलो माकुळं आणि तिसऱ्या, वर ‘गेन’ अशी पाटी. गेन म्हणजे युराचा नर. तो एप्रिलमध्ये मेला. संचालक कुरामित्सु साहेबांनी शाळेच्या मुलांना सांगितलं, गेन प्रवासाला गेलाय. आणि प्रवासाला गेलेल्याचं ताट वाढायला लागले. लोक कौतुकानं फोटो काढतात. खाद्यघरातल्या तोमेबाई माझ्यापाशी फणकारल्या, की मिसुझु, मेलेल्याला देव्हाऱ्यापुढे वाढतात गं, हे ताट माणूस घरी परत यावा म्हणून असतं, एवढंही या शिकलेल्या शहाण्याला कळू नये?

यंदा माकुळं मिळत नाहीत. सगळं मिळून पाच किलोच येतं. म्हणजे ते दोन किलो युराच्या तोंडचे! संध्याकाळी ताट रिकामं असतं, आणि युरा तर त्या खडकाकडे फिरकतही नाही.

१३ ऑक्टोबर
युरा अठरा किलोंवर आलीय. साहेबांना जाब विचारला. ते हसून म्हणाले, नवीन आहेस, पोट भरलेलं जनावर उड्या मारत नाही, आणि लोक उड्या बघायला येतात. उपाशी जिवाच्या तडफडीला खेळ म्हणायचं आणि टाळ्या पिटायच्या! मेलेल्याची एवढी माया, मग जिवंत आहे तिचं काय? आजपासून ताट तीन किलोंचं. गेनची भूक वाढलीय म्हणे. मला ती थट्टा वाटली.

१६ ऑक्टोबर
भर दुपारी ताटाजवळ बसून राहिले. खडक आपोआप ओला झाला. माकुळं एकेक करून नाहीशी झाली. मग दगडावर शिंपला आपटल्याचा आवाज, ठक् ठक् ठक्. दिसलं काहीच नाही. युरा कोपऱ्यात, पंजे डोळ्यांवर.

१७ ऑक्टोबर
ताट उचललं. सगळी बादली युराला. पाच किलो खाऊन ती शांत झोपली. मी बरोबरच केलं.

१८ ऑक्टोबर
जेवणाच्या सुट्टीत आडवी झाले होते. छातीवर ओलं, जड काहीतरी. ठक् ठक्. उठले तर बरगडी काळीनिळी आणि सदऱ्यावर फुटका शिंपला. तोमेबाई रडकुंडीला आल्या, म्हणाल्या, पोरी, ठेव ते ताट. माझ्या डब्यातला मासा ठेवून पाहिला. गेन त्याला शिवला नाही. बादलीतलंच हवंय त्याला.

१९ ऑक्टोबर
साहेबांनी सदरा उघडून दाखवला. गळ्यापासून पोटापर्यंत जुने वळ. उन्हाळ्यापासून माहीत होतं त्यांना! म्हणाले, माणसाच्या बरगड्यांपुढे जनावर काय मोठं? भ्याड माणसा, खोटं बोललास तू आणि उपाशी मरायचं युरानं?

२० ऑक्टोबर
युरा साडेअठरा. खातेय—

डावा हात उचलवत नाही. साहेब दारात, ताट घेऊन. आत यायची हिंमत नाही. बादली मांडीत आवळून धरलीय—

अजून चार तुकडे. तीन. ठक्—

खा युरा, खा—

श्वास— ऐक, गेन. कुणीच तुला सांगितलं नाही ना? प्रवास नव्हता तो. तू मेलायस. तुझं ताट इथं नाही, या माणसानं तुला खोटंच—