शेकड्यावरची पाच मोसंबी

भोकरदन मुक्कामी श्री. सर्जेराव गुरुजी यांना वाटूरहून बद्रीनाथचा आदरानं रामराम.

व्याहीबुवा, तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डोळ्यात औषध घालून राह्यले का, की बाटली फडताळात ठेवून नुसतीच तिच्याकडं बघता? इकडं सगळे ठणठणीत. गोजरबाईचा खोकला गेला, गाय व्याली, आंबिया बहाराची मोसंबी तोडणीला आली, आणि तुमची-आमची नात ईश्वरी रोज दोन वाट्या दूध पिऊन (त्यातली एक मांजराला पाजून) मजेत आहे. फोन सोडून पत्र कशाला म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत न्हाई. सारी उमर मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला समोरच्यानं बोट वर न करता बोललेलं खपत न्हाई, हे मी समजू शकतो. पण पत्रात मधी कुणाला बोलता येत न्हाई, म्हणून हा खटाटोप.

तर सुनबाईनं, म्हणजे तुमच्या मीनानं, ईश्वरीच्या गृहपाठाचा फोटो तुम्हाला पाठवला, तो लालेलाल बघून तुम्ही भडकले, आणि दिवाळी झाली की पोरीला भोकरदनच्या शाळेत घालतो म्हणाले. तुमचं बिलकुल बराबर आहे. फक्त हे कसं झालं तेवढं ऐकून घ्या.

हरिओम आणि मीना कामासाठी पुण्याला गेले तसं गृहपाठाचं खातं माझ्याकडं आलं. शाळेतल्या दैवशाला मॅडम दर शनिवारी मोबाईलवर दहा शब्द आणि पाच गणितं पाठवतात. शब्द घरच्यांनी वाचून दाखवायचे, लेकरानं लिहायचे, सोमवारी मॅडम तपासणार. म्हटलं, यात काय अवघड? खाटेवर बसलो, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. पोरगी एवढी गुणाची की मी बोललो ते अक्षर न् अक्षर उतरवलं, आणि तिथंच घोटाळा झाला. मोबाईलवर 'नाही' होतं, माझ्या तोंडून 'न्हाई' निघालं. 'मग'चं 'मंग' झालं. 'पाऊस आला होता' याचं 'पाऊस आल्ता' झालं. गोजरबाई चुलीपासून ओरडली, "अवो, लेकराला नीट सांगा की!" आणि उरलेले शब्द तिनं सांगायला घेतले. मंग 'पाणी'चं 'पानी' आणि 'लोणी'चं 'लोनी' झालं. (एवढ्यावर ती मला म्हणते, तुमच्यामुळं पोरीचे मार्क गेले.)

सोमवारी मी शाळेत भांडायला गेल्तो. मॅडमला म्हटलं, लेकरानं ऐकलं ते बराबर लिहिलं, तिला मार्क द्या आणि लाल रेघा माझ्या नावावर मारा. मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण खुर्चीत बसल्या की मलाच चड्डीत असल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, "काका, बोलताना आल्ता म्हणा, लिहिताना आला होता लिहायचं." मी म्हटलं, मॅडम, पाऊस तर एकच आल्ता ना? त्या हसल्या, पण मार्क काही दिले न्हाईत.

आता त्याच्या पुढच्या शनिवारच्या गणिताचं. 'शेतकऱ्याने शंभर मोसंबी पाच मुलांना सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती?' ईश्वरी झटक्यात वीस म्हणाली. मी म्हटलं थांब. शेकडा मोजला की वर पाच फळं घालायची, ही आपल्या घरची रीत. माझा बाप घालायचा, मी घालतो, नुसतं कोरडं शंभर देणाऱ्याकडं गावात दुसऱ्यांदा कुणी फिरकत न्हाई. म्हणजे शंभर याचा अर्थ एकशेपाच, आणि एकेकाला एकवीस. पोरगी म्हणे, "आबा, पुस्तकात शंभरच आहेत." मी म्हटलं, पुस्तकवाल्याला बाग न्हाई, तो काय जाणे! आणि एकवीस लिहायला लावलं. शेजारच्या भारतच्या पोरानं ते बघून लिहिलं, त्याचं बघून अख्ख्या गल्लीनं लिहिलं. सोमवारी अर्ध्या वर्गाचं उत्तर एकवीस! मॅडमना वाटलं आपलंच चुकलं, त्यांनी बिचारीनं फळ्यावर पुन्हा भागाकार करून पाह्यला. मंग भारतच्या पोरानं माझं नाव फोडलं.

मला बोलावणं आलं. मॅडमनी मला लेकरांच्या बाकावर बसवलं (गुडघे कानाला लागले) आणि म्हणाल्या, आता तुम्हीच सांगा वर्गाला, ही वरची पाच कुठून आली? मी बागेपासून बाजारापर्यंत सगळं खुलासेवार सांगितलं. बिघडलं इतकंच, की लेकरांना ते फार आवडलं. आता कुणालाही विचारा, शंभरातून वीस गेले किती राह्यले? पोरं एका सुरात सांगतात, "पंच्याऐंशी, वरची पाच धरून!" तुमच्याकडं आलेला फोटो त्याच आठवड्यातला. पोरीचा त्यात काडीचा दोष न्हाई, तिला बिचारीला वीसच येत होतं.

तेव्हा गुरुजी, न्यायचं तर खुशाल न्या. तुमच्याकडं कपाटभर पुस्तकं आहेत, तुमचं बोलणंही छापल्यासारखं. आमची काही हरकत न्हाई. गोजरबाईचीही न्हाई. पोरीचे कपडे धुऊन घडी करून ठेवलेत. तिला भाकरीचा पापुद्राच लागतो, खालचा भाग ती खात न्हाई, तो कुणीतरी खावा लागतो, इथं मी खातो. बाकी काही त्रास न्हाई. प्रकृतीला जपा.

तुमचा व्याही,
बद्रीनाथ

ता. क. : हरकत न्हाई असं वर लिहिलं ते गोजरबाई समोर बसल्ती म्हणून. व्याह्यांना दुखवू नका, अशी तिची ताकीद आहे. आता ती गोठ्यात गेलीय. गुरुजी, हरकत आहे, आणि मोठी आहे. हरिओम पुण्याला गेला तेव्हा मी सोसलं, कारण ही पोरगी घरात होती. ती गेली तर मला हे घर खायला उठेल. विहीणबाई गेल्यापासून तुमचंही तेच झालंय, हे मला कळतं. मंग तुम्हीच इकडं या ना! लेकीच्या सासरी मुक्काम करायचा न्हाई ही रीत तुम्ही लग्नापासून पाळून राह्यले, कपभर चहा घेता आणि जल्दी परतीची एस्टी धरता. अहो, नातवंड झालं की ती रीत सुटते, हे गोजरबाईनं तुम्हाला बारशातच सांगितल्तं. दर शनिवारी या, सोमवारी जा. शब्द तुम्ही सांगा, गणितं तुम्ही घ्या. मी शेजारी बसेन आणि मधी बोलणार न्हाई.

आणखी एक : शाळा सोडल्याचा दाखला काढायला घरच्यांची सही लागते म्हणे, आणि हरिओमनं ते काम माझ्यावर सोडलंय. कळवायला वाईट वाटतं, पण तुमचा फोन आल्यापासून माझा उजवा हात बिलकुल उचलून न्हाई राह्यला. एवढं लांब पत्र कसं लिहिलं, ते विचारू नका.