कठड्यावरचा स्वेटर

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी अजून त्या स्वेटरपाशीच अडकलो आहे. नववीत नापास झालो तेव्हा तुम्ही म्हणालात, डोकं चालत नाही तर निदान पाय चालव, खेळाडू म्हणून सरकारी नोकरी तरी लागेल. म्हणून दिल्लीत आपल्या क्वार्टरजवळच्या आर. के. पुरमच्या मैदानावर फुटबॉल खेळू लागलो. तुम्ही ऑफिसातून थेट यायचात आणि आईनं विणलेला मरून स्वेटर कठड्यावर टाकून मागं बसायचात. तुमची उंची बेताची, गर्दीत तुम्ही दिसायचा नाहीत. स्वेटर दिसायचा.

निवडीच्या सामन्यात आम्ही दोन गोलांनी मागं होतो. थोडाच वेळ उरला होता. लोक उठून बसस्टॉपकडे निघाले, तसे आमच्या पोरांचे पाय जड झाले. गोलकीपर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "छोड यार, देखनेवाला कौन बचा है?" मी कठड्याकडे बघतो. स्वेटर आहे. मी धावतो, आवाक्याबाहेर गेलेल्या चेंडूमागं धावतो, आणि गुडघा मुरगळून पडतो. तो गुडघा पुन्हा सरळ झाला नाही. नोकरी राहिलीच.

त्या संध्याकाळी मलम चोळता चोळता तुम्ही म्हणालात, "शेवटी शेवटी पाय ओढत होतास. लोक जाईनात का, आपण आपलं खेळावं." मी मान खाली घातली. तुम्ही म्हणताय म्हणजे ओढलेच असतील, असं कितीतरी वर्षं मानत आलो.

तुमच्या तेराव्याला वरच्या क्वार्टरमधले काका जेवताना हसत म्हणाले, "अरे, तुझे अण्णा हाफ टाइमलाच सटकायचे! उशीर झाला की बसमध्ये बसायला जागा मिळत नाही ना. स्वेटर नंतर मी आणून द्यायचो." पंगत हसली. माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. बसमधल्या जागेसाठी, अण्णा? आणि जे पाहिलंच नाही त्यावरून मला बोललात?

आता मुलगा टीव्हीसमोर सांगतो, बाबा, प्रेक्षक लवकर गेले म्हणून खेळाडूंना काही फरक पडत नाही, ते प्रोफेशनल असतात. मी गुडघ्यावरून हात फिरवतो.

गेल्या शनिवारी नातीचा शाळेचा सामना होता. तिचा संघ तीन गोलांनी मागं. पालक गाड्यांकडे निघाले. मला धास्ती लागली, मेट्रोत गर्दी होईल, जिन्यात कुणी धक्का दिला तर? पाच-दहा मिनिटं मी तीच काळजी करत होतो. शेवटी गळ्यातला मफलर काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला आणि निघालो.

ती अंधार पडता पडता शाळेच्या बसनं घरी आली. मफलर माझ्या मांडीवर टाकत म्हणाली, "आजोबा, विसरून आलात! सगळ्यांचे मम्मी-पप्पा निघून गेले, यार. पण तुमचा मफलर दिसत होता, म्हणून मी लास्टपर्यंत बॉलमागं भागत राहिले."

मी आधी तिचे गुडघे पाहिले. एक खरचटला होता, बाकी ठीक.

अण्णा, तुम्हाला लबाड म्हणायचं म्हणून आज कागद घेतला होता. तो शब्द वर एकदा लिहिला आणि खोडला. हा कागद आता मफलरच्या घडीत ठेवतो. कारण तिनं विचारलं, "शेवटी कशी खेळले मी?" आणि मी म्हणालो, "फार छान धावलीस."