ओला सदरा

दादा,

तू गेलास तेव्हा मी पाळण्यात होते. तुला मी फोटोतच पाहिलंय. तसेच विरळ केस, तसेच टोकदार दात घेऊन माझा मुलगा आलाय. त्याला घामच येत नाही, त्यामुळे उन्हाळाभर त्याचा सदरा नळाखाली भिजवायचा आणि न पिळता अंगात घालायचा. सगळे त्याला बेडूक म्हणतात, आणि तोही लबाड डराव डराव करत घरभर पाणी सांडतो.

आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माहेरी असं कुणी होतं का?" मी तुझा फोटो पुढे केला. तो त्यांनी बराच वेळ हातात धरला.

भर उन्हाळ्यात तुला ताप भरला होता. घाम आला की ताप उतरेल, म्हणून आई तुला दोन ब्लँकेटांत गुंडाळून मांडीवर घट्ट धरून बसली. "घाम काही फुटला नाही," एवढंच ती सांगते.

घरी आले तर आई बेडकाचा सदरा भिजवत होती.

"काय म्हणाल्या गं?"

"म्हणाल्या, आजी नातवाला छान जपते."

ती हसली. मग सदऱ्याकडे बघत म्हणाली, "त्यालाही असंच ओलं ठेवायला हवं होतं, नाही का?"

नळ चालू होता. ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं. तिने पुन्हा विचारलं नाही, नळही बंद केला नाही.

आता तुझ्याहून कितीतरी मोठी झालेली,
तुझी धाकटी