कानामागचा तीळ

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. ‘तू कधीपासून डॉक्टर झालास रे?’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लिहितो आहे.

डॉक्टर मी नाही, शाळाही अर्धीच झाली. पण बाबांची दाढी मीच करतो, मानेवरचे केसही मीच काढतो, म्हणून त्यांच्या कानामागचा तीळ मला दिसला. तो पसरला आहे, कडा वेड्यावाकड्या झाल्या आहेत. परवा वस्तरा न लागताच त्यातून रक्त आलं, तर बाबा दुकानात गिऱ्हाइकांदेखत माझ्यावरच खेकसले, की आधी हात बसव. मी गिळलं. पण दवाखान्यात ते बायोप्सीच्या टेबलावरून उठून चालते झाले, ते मी गिळणार नाही. कारण त्यांच्या डोक्यात तू भरवलं होतंस, की कापलं की पसरतं. जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा माणूस, शर्टाची बटणंही न लावता रस्त्यावर!

डॉक्टरीणबाईंना मी सगळं दोनदोनदा विचारलं. आधी सुई देऊन जागा बधिर करतात. मग तीळ थोड्या कातडीसकट काढून टाके घालतात. त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. नुसतं बघून खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. ना त्यांना, ना बाबांना मलम देणाऱ्या मेडिकलवाल्याला, ना तुला. कापल्याने पसरत नाही. कदाचित साधाच निघेल.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. आईच्या तळपायावरच्या डागाचा तुकडा तुझ्यासमोर काढला आणि नंतर ती उतरतच गेली. पण त्या तुकड्याने आई गेली नाही गं. त्याआधी वर्षभर आपण सगळे त्या डागाला कुरूप समजून पट्ट्या चिकटवत होतो. तिला दवाखान्यात नेणारी तू एकटीच होतीस. आणि तूच स्वतःला गुन्हेगार ठरवलंस? बरं, ठरवलंस. पण मग शिक्षा बाबांना का?

ते माझं ऐकणार नाहीत, तुझा शब्द मोडणार नाहीत. पुढच्या गुरुवारची वेळ मी पुन्हा घेतली आहे. त्याआधी फोन करून त्यांना एवढंच सांग, की जा. आईचा विषय काढू नकोस. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव. मग दुकानाला कुलूप लावून मी त्यांना तुझ्या दारात आणून उभं करीन. उजेडात तो तीळ स्वतः बघ, आणि मग माझ्यासमोर त्यांना नको म्हण.

तुझाच, आणि तुझ्यावर फार चिडलेला,
धाकटा