पावियो गेल्याची बातमी

कांपोस,
गुरुवार, २५ सप्टेंबर १९८६

दोरिवालभावोजी,

तुमची तब्येत बरी असेल, ओदेतेचे गुडघे थोडे निवले असतील असं धरून चालते. इथे उसाचे फड पेटवताहेत. वाळत घातलेली चादर तासाभरात काळी होते.

वाल्दोमिरो सोमवारी पहाटे गेले, झोपेतच. मंगळवारी दफन झालं आणि दिवसभर मी तुमच्या नावाने बोटं मोडली. इतकी वर्षं एका फुटबॉल संघात खेळलात, आमच्या सेलेस्तेचे धर्मपिता झालात, आणि निरोपाला नितेरोयहून यायला सवड झाली नाही? तुमचंच काय, क्लबातूनही कोणी फिरकलं नाही. ज्या गावाने त्यांना खांद्यावर घेऊन पूल ओलांडला, त्या गावात शवपेटी उचलायला माणसं पुरेनात. शेवटी कबर खणणाऱ्याने हात लावला.

बातमी मी स्वतः पेपरात दिली होती. चौकटीत, नीट: वाल्दोमिरो दि आसिस तेशेरा, साखर कारखान्याचे निवृत्त कर्मचारी. मैदानावरचं ते दुसरं नाव मी कधी उच्चारलं नाही, हे तुम्ही जाणता. दिव्याची वात या अर्थाचं नाव, ही काय माणसाला हाक मारायची रीत झाली? टोपणनावं कुत्र्यामांजरांना असतात, असं शाळेत सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं.

काल पाव आणायला गेले. बेकरीवाल्या जेर्वाझियोने माझे काळे कपडे पाहून विचारलं, कोण गेलं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "ईश्वर शांती देवो. तुमचे कोण लागायचे?"

"माझे यजमान, अजून कोण?"

त्याने हातातला पाव खाली ठेवला. "दोना इफिजेनिया, म्हणजे पावियो? पावियो गेला आणि तुम्ही आम्हाला कळू दिलं नाहीत?"

रांगेतल्या माणसांनी टोप्या काढल्या. कोणी पाव घेईना. मी तशीच घरी आले.

मग रेडिओच्या कचेरीत गेले आणि ते नाव सांगितलं. त्यांनी ती बातमी लगेच वाचून दाखवली.

तेव्हापासून दाराला कडी लागलेली नाही. आज एक म्हातारा फडातून थेट आला, काजळीने माखलेला, कमरेत वाकलेला. माझ्या पॉलिश केलेल्या फरशीवर पाय टाकून दाखवायला लागला: असा डावीकडे झुकायचा, बाई, आणि चेंडू जागेवरच असायचा. पडेल म्हणून मी त्याचा दंड धरला. फरशीबद्दल काही बोलले नाही.

मी सामना एकदाच पाहिला, त्यांचा गुडघा निकामी होण्याआधीचा. ते समोरच्या तिघांपुढे नुसते थांबले आणि सगळं मैदान गप्प झालं. तशी शांतता मी चर्चमध्येही कधी अनुभवली नाही. मी घाबरून डोळे मिटले. पुढे काय झालं ते मला गर्जनेवरून कळलं. घरी आल्यावर मी त्यांना मोजे भिजत टाकायला सांगितलं.

सातव्या दिवसाची प्रार्थना रविवारी सकाळी सात वाजता आहे. हे पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ देतेय. शनिवारीच या. पुढच्या बाकावर माझ्या शेजारी बसा. त्या दिवशी डोळे मिटल्यावर काय झालं, ते मला सांगा. मी त्यांना कधी विचारलं नाही.

वाट पाहते.

पावियोची बायको,
इफिजेनिया