दादाची ‘मूळ’ संख्या

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त गणित-अध्यापिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. ‘पूर्ण शुद्धीत’ सगळेच लिहितात. मला ते दातओठ खाऊन लिहावे लागते, कारण माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने मला एकदा वेडी ठरवले आहे आणि मी गेल्यावर पुन्हा ठरवायला तो कमी करणार नाही.

म्हणून आधी प्रकरण. दादा कॉलेजात गणिताचा विभागप्रमुख, मी त्याच्याच हाताखाली. २१,५१,५२,२१,०८१ ही मूळ संख्या आहे, तिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, असे त्याने जाहीर केले. सत्कार झाले. विभागाच्या भिंतीवर ती पितळी आकड्यांत लागली. पुरावा एवढाच, की मूळ संख्यांच्या एका कसोटीत ती दर वेळी पास होते. पण काही संयुक्त संख्या जात्याच बहुरूपी असतात; त्यांच्यापुढे ती कसोटी आंधळी होते. ही त्यांतलीच: १५३१ × ३०६१ × ४५९१. यांतल्या प्रत्येकातून एक वजा करा. जे उरते त्याने, त्या अगडबंब संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला पूर्ण भाग जातो. सोंग वठते ते त्यामुळे.

मी दादाला दार लावून सांगितले, “गाजावाजा न करता उतरवू ते आकडे.”

“नवरा जाऊन दोन महिने झालेत तुझा. डोकं थाऱ्यावर नाही. घरी बस.”

आठवड्याभरात प्राचार्यांनी मला मानसोपचारासाठी सक्तीच्या रजेवर धाडले. पुन्हा वर्ग मिळाला नाही.

मग वहिनी आली. “वन्सं, यांनी स्वतः भागाकार करून बघितला. बाकी शून्य आली. त्यानंतर ते प्राचार्यांकडे गेले.” हेच ती प्राचार्यांसमोरही बोलली. ऐकले कोणी नाही. दादाने मात्र तेव्हापासून तिच्याशी बोलणे टाकले.

आता व्यवस्था.

१. राहते घर वहिनीला, तिच्या एकटीच्या नावे.

२. माझी पुस्तके मुलींच्या शाळेला. कॉलेजला खडूचा तुकडाही नाही.

३. दादाला काही नाही. शोकसभेत तो बोलायला उठलाच, तर कोणीतरी त्याला वरचा गुणाकार करायला सांगावा.

४. माझ्या डोक्याबद्दल शंका काढणाऱ्याने खाली सही केलेल्या डॉक्टरांना विचारावे.

एवढे लिहून वहिनीला वाचून दाखवले. तिने कलम १ वर बोट ठेवले. मग म्हणाली, “तुम्ही गेल्यावर घर घेऊन मी काय करू? त्या माणसासमोर मुकी बसून जन्म गेला माझा. आजच येऊ का?”

सबब कलम १ मध्ये दुरुस्ती: वहिनी आजपासूनच या घरात राहील. दादा न्यायला आला तर दार उघडायचे की नाही, हे ती ठरवील.

ठिकाण: राहते घर, बैठकीची खोली
दिनांक: ९ मार्च

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टर. बाईंना आज तपासले. बुद्धी शाबूत आहे, रक्तदाब वाढलेला आहे.
२. (सही) शेजारीण, शिवणकाम. सही करून वहिनींची बॅग आणायला त्यांच्यासोबत जात आहे.