आधी आजोबा, मग सरकार

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (गुडघे ऐकत नाहीत, म्हणून तूर्त लेखी). मोतीबिंदू काढलेला डोळा कसा आहे? दुसऱ्याला फार लाडावून ठेवू नकोस, त्यालाही कामाला लाव. इकडे सगळे खुशाल. तुझी भावजय मजेत आहे, म्हणजे माझ्यावर ओरडते आहे. माझी प्रकृती ठणठणीत. आता इथे रिवाजाप्रमाणे 'विनंती विशेष' लिहायचं, पण विनंतीचं शेवटी बघू. आधी हकिकत ऐक, कारण फोनवर तू "झालं ना ऑपरेशन? मग सुटलो!" म्हणून फोन ठेवलास आणि माझ्या पोटात सगळं तसंच राहिलं.

तू नातीला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती चार वर्षांची होती आणि तुझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत होती. आता ती नऊ वर्षांची आहे आणि आम्हां सगळ्यांना लावते. घरात तिला आम्ही 'सरकार' म्हणतो, कारण मंजुरीशिवाय इथे खुर्चीसुद्धा हलत नाही. ती ऑटिस्टिक आहे हे तुला ठाऊक आहे, पण रोज म्हणजे काय ते सांगतो. तिला पंख्याचा आवाज आपल्या कानात कुणी ओरडल्यासारखा ऐकू येतो. अचानक अंगाला लागलेला हात तिला चटक्यासारखा लागतो. आणि तू "दोन मिनिटांत येते" म्हणालीस, की ती घड्याळ पाहते आणि तिसऱ्या मिनिटाला तुझ्यावरचा विश्वास संपतो. (मला विचारशील तर यात तिचं काय चुकतं ते मला अजून कळलेलं नाही.)

तर या सरकारचे टॉन्सिल इतके सुजले होते की झोपेत तिचा श्वास थांबायचा. घोरता घोरता एकदम शांत. मग आमची लेक उठून बसायची, जावईबापू दिवा लावायचे आणि श्वास परत आला की तिघंही पडायची. डॉक्टर म्हणाले, टॉन्सिल काढायलाच हवेत. आम्ही शहाण्या माणसांसारखे तिला ठरल्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे एका भल्या गृहस्थाने "बाळा, हात दे" म्हणत तिच्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी चढवली, आणि पुढच्या क्षणी सरकार चौकशीच्या टेबलाखाली. एक तास दहा मिनिटं. सगळे वाकून वाकून समजूत घालत होते. मला वाकून उभं राहणं जमत नाही, म्हणून मी सरळ तिच्या शेजारी टेबलाखाली जाऊन आडवा झालो आणि तीन वायरी आणि एक चिकटवलेला च्युइंगगम पाहत पडून राहिलो. खरं सांगू, तिथे बरं वाटत होतं. ऑपरेशन रद्द झालं, पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळाली, आणि त्या खेपेलाही फसलं तर परत अडीच महिने हा श्वासाचा लपंडाव चालणार, हे आमच्या लेकीच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

(उठलो होतो. स्वयंपाकघरातला नळ बंद आहे का पाहून आलो. बंद आहे.)

तेव्हा सरकारच्या शाळेतल्या बाईंनी उपाय सांगितला. दवाखान्यात जे जे होणार ते तिला आधी घरी दाखवा, लहान लहान टप्प्यांत, रोज त्याच क्रमाने, आणि खोटं बोलू नका. दुखणार असेल तर दुखेल म्हणा. बाई पुढेही बरंच बोलल्या असतील, पण अक्का, मी 'रोज त्याच क्रमाने' एवढंच ऐकलं आणि माझ्या अंगात वीज शिरली. बत्तीस वर्षं हौशी नाटकांच्या विंगेत उभा राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगणारा माणूस मी! याला आमच्याकडे तालीम म्हणतात! त्याच संध्याकाळी मी शंभर पानी वही आणली आणि नाटक लिहायला घेतलं. प्रवेश, संवाद, कुणी कुठून यायचं, सगळं. जेवणाचं टेबल म्हणजे ऑपरेशनचं टेबल. जावईबापू भूल देणारे डॉक्टर (त्यांच्या तोंडी चारच वाक्यं, तरी तिसरं रोज विसरायचे). लेक ऑपरेशन करणारी. तुझी भावजय सिस्टर, आणि ती भूमिकेत इतकी शिरली की मला भाजी चिरतानाही "हलायचं नाही" म्हणू लागली. मनगटाची पट्टी म्हणून वहीचं पान, भुलीचा मास्क म्हणून चहाचं गाळणं.

आता माझी चूक ऐक. पहिल्या दिवशी सरकार टेबलावर चढेना. तुझी भावजय म्हणाली, आधी तुम्ही करून दाखवा. मी चढलो. पट्टी बांधून घेतली, गाळणं नाकाला लावलं, डोळे मिटले, आणि उठून म्हणालो, "संपलं का? माझा चष्मा द्या." चष्मा मला खरंच हवा होता. हे काही वहीत नव्हतं. पण सरकारने ते पाहिलं, मग निमूट चढली, आणि त्या दिवसापासून तेवीस तालमी झाल्या त्या सगळ्या अशाच: आधी आजोबा, मग सरकार. मी मनात म्हणालो, घरापुरतं आहे, चालू दे. बत्तीस वर्षांत एवढंही शिकलो नव्हतो की तालमीत जे होतं तेच प्रयोगात होतं.

प्रयोगाचा दिवस उजाडला. दवाखान्याने या वेळी फार समजूतदारपणा दाखवला हं. शाळेतल्या बाईंचं पत्र वाचून त्यांनी तिला पहिला नंबर दिला, घरचेच कपडे चालतील म्हणाले, आणि एका छोट्या खोलीत मंद दिवा लावून ठेवला. सरकार कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन लावून, वही छातीशी धरून आत आली. भूल देणारे डॉक्टर हसून म्हणाले, "अरे वा, कोण आलंय?" ती थांबली. वही उघडली. म्हणाली, "तुमचं वाक्य असं नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग त्या देवमाणसाने वही हातात घेतली, वाचली, दाराबाहेर जाऊन परत आत आले आणि म्हणाले, "नमस्कार. मी भूल देणारा डॉक्टर. मी हात लावण्याआधी सांगेन." जावईबापूंपेक्षा किती तरी छान म्हटलं. सरकारने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. "आता आजोबा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. (नाही तरी सकाळपासून तोंडात पाणी नव्हतंच. तिने उपाशी राहायचं तर आधी कोणी राहायचं? बरोबर.) लेक समजूत घालू लागली की इथे आजोबांचं ऑपरेशन नाही. सरकारचा एक हात हेडफोनवर गेला आणि ती गुणगुणू लागली, एकाच सुरात, ती फार घाबरली की गुणगुणते तशी. तिची नजर टेबलं शोधत होती. आणि मला दिसत होतं की आणखी अर्ध्या मिनिटात अडीच महिने जाणार. इतक्यात तिथल्या मोठ्या सिस्टर, साठीच्या बाई, चपला वाजवत आल्या आणि मला म्हणाल्या, "बघता काय आजोबा? चढा वर!"

चढलो. पट्टी बांधून घेतली. दंडावर तो फुगणारा पट्टा, बोटाला चिमटा. मास्क नुसताच नाकावर धरला. चिमटा लावल्यावर यंत्र टिक टिक वाजू लागलं आणि सरकारने एका कानाचा हेडफोन बाजूला केला. ऐकत राहिली. मग म्हणाली, "यात मधेच एक कमी येतो." सिस्टर म्हणाल्या, यंत्र जुनं आहे. डॉक्टरांनी मात्र यंत्राकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी घाईघाईने उठून बसलो आणि माझं वाक्य म्हटलं: "संपलं का? माझा चष्मा द्या." मोठ्या सिस्टरनी चष्मा दिला. सरकार स्वतःहून वर चढली, हात पुढे केला, चिमटा लावून घेतला, आणि टिकटिक सुरू झाल्यावर समाधानाने म्हणाली, "माझं बरोबर येतंय." तेच मोजत मोजत मास्कमध्ये झोपली. अक्का, मी खोलीबाहेर आलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. लोकांना वाटलं सूचनाफलक वाचतोय.

पुढचा पाऊण तास मी त्या व्हरांड्यात किती फेऱ्या मारल्या ते जावईबापूंना विचार. त्यांनी बसायला सांगितलं, बसलो, उठलो. ती शुद्धीवर आली तेव्हा घसा बसलेला, ओठ कोरडे, आणि पहिले शब्द काय? "संपलं का? माझा चष्मा द्या." तिथली नवी सिस्टर फाइल चाळू लागली, पेशंटला चष्मा असल्याची नोंदच नाही! मी माझा काढून दिला. सरकारने तो नाकावर ठेवला, सगळं जग अंधुक दिसलं असणार, पण वहीप्रमाणे झालं होतं. त्या रात्री ती सलग झोपली. श्वास एकदाही थांबला नाही. थांबला तो आमच्या लेकीचा. इतकी शांत झोप पाहून तिला धसकाच बसला.

(पुन्हा उठलो होतो. नळ अजून बंद आहे.)

तर असं सगळं गोड झालं. जावईबापूंना हे पत्र टाकायला देतो. डोळ्यात औषध वेळेवर घाल आणि स्वतःला जप.

तुझा लाडका (तूच म्हणायचीस),
धाकटा

ता. क. — पहिल्या पानावर माझी प्रकृती ठणठणीत असं लिहिलं आहे ते खोडायचं राहिलं. यंत्र जुनं नव्हतं. मधेच एक ठोका खरंच कमी पडतो, आणि डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावून घेतलं. हे मला नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी हेच सांगून तपासणीची चिठ्ठी दिली होती, ती मी चष्म्याच्या जुन्या घरात घडी करून ठेवली आणि ते घर कपाटाच्या मागे टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! ओरडू नकोस, तुझ्या भावजयीचं चालू आहे. पुढच्या गुरुवारी मनगटातून हृदयापर्यंत नळी घालून पाहणार आहेत. म्हणून मघापासून नळ तपासतो आहे.

ता. क. २ — आता विनंती. सरकारने नवी वही केली आहे. टेबल तेच, गाळणं तेच, रोज संध्याकाळी तालीम. पण नियमाप्रमाणे पेशंटच्या आधी कुणीतरी चढावं लागतं, आणि तुझी भावजय सिस्टर असल्याने मोकळी नाही. सरकारने तुझं नाव लिहिलं आहे: 'आधी अक्काआजी, मग आजोबा.' बटणं लावू देणारी बाई तिच्या लक्षात आहे. तेव्हा मंगळवारपर्यंत ये. येताना तुझी छोटी कात्रीही आण. दवाखान्याच्या झग्याला मानेमागे शिवलेली पट्टी असते आणि ती मला टोचते. लहानपणी माझ्या सगळ्या शर्टांच्या तूच कापायचीस आणि आईला सांगायची नाहीस.

ता. क. ३ — वहीत माझ्या तोंडी एकच वाक्य नवीन आहे: 'मला भीती वाटते आहे.' सरकारचं म्हणणं, खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी ते रोज गाळतो. ती रोज दाराआड उभी राहून मला ते हळूच सांगते, आणि मी म्हणेपर्यंत पुढचा प्रवेश सुरू करत नाही. अक्का, मंगळवारपर्यंत नक्की ये.